उंदीरखान्यातले दिवस

२० नोव्हेंबर १९७४, कारंजा

मूर्तिजापूरहून छोट्या गाडीने दुपारी कारंज्याला पोचले. गाडी इतकी सावकाश येते की एक म्हातारा मधेच उतरला, रुळाच्या कडेला बसून आला आणि न धावता पुन्हा त्याच डब्यात चढला. डब्यातली सगळी माणसं हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून लिहून ठेवते.

स्टेशनवर केंद्राच्या मदतनीस ललिताबाई न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक आणि बोलक्या. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन त्यांनी विचारलं, "तुमीच का उंदराच्या डाक्टरीणबाई?" मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, नुसती बी.एस्सी. आहे, अमरावतीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्या म्हणाल्या, "चालते. उंदराले कुठं पाटी वाचता येते."

केंद्र म्हणजे फूलचंदजी नावाच्या व्यापाऱ्यांचं सरकीचं जुनं गोदाम. अजून भिंतींना सरकीचा वास आहे. गावात याला उंदीरखाना म्हणतात. डॉ. मुनाफ इथले मुख्य. ते याच गावचे, शिकून परत आलेले. त्यांनी स्वतः चहा करून दिला आणि उंदरांची भीती वाटते का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग अर्धं काम तुम्हाला आलंच.

माझी खोली गोदामाच्या टोकाला आहे. ताजा चुना लावलेला आहे. खिडकीतून कापसाच्या गाड्या जाताना दिसतात, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येतो. अमरावतीच्या घरात सासूबाई दिवसभर दाराकडे कान लावून बसलेल्या असतात. इथे कोणी कशाची वाट पाहत नाही. आज झोप लागेल असं वाटतं.

२३ नोव्हेंबर

काम समजत चाललं आहे.

सरकारला मूल राहू न देणारं औषध हवं आहे. इकडच्या खेड्यांत बाया त्यासाठी एक मुळी खातात. ती खरंच लागू पडते का, हे डॉक्टर पांढऱ्या उंदरांवर पाहतात. संध्याकाळी नराच्या पिंजऱ्यात तीन-चार माद्या सोडायच्या. सकाळी एकेक मादी शेपटीला धरून उचलायची आणि जोड लागल्याची खूण आहे का ते पाहायचं. खूण दिसली की तो तिचा पहिला दिवस. गर्भ तेव्हा मोकळाच असतो, तरंगत गर्भाशयात येतो. चार-पाच दिवसांनी भिंतीला चिकटतो आणि रुजतो. रुजला का हे पाहायला मादीच्या शेपटीच्या शिरेत निळा रंग टोचतात. मग ईथर हुंगवून बेशुद्ध करून पोट उघडलं की जिथे गर्भ रुजला असेल तिथे निळा पट्टा दिसतो. दोऱ्यात मणी ओवल्यासारखे एका ओळीत दिसतात. मोजायचे आणि पोट शिवून टाकायचं.

दुसरीकडे अशा वेळी मादीला मारतात. इथे मारता येत नाही. फूलचंदजी जैन आहेत. गोदाम देताना त्यांनी एकच अट घातली, या छपराखाली कोणाचा जीव घ्यायचा नाही. डॉक्टरांनी ती मानली. म्हणून काम झालेल्या माद्या मागच्या लांब खोलीत ठेवतात. भाकड गाईंना ठेवतात तशी ही खोली, म्हणून तिलाही सगळे पांजरपोळ म्हणतात. तिथे नर एकही नाही. फूलचंदजींच्या पत्नी सूरजबाई रोज दुपारी स्वतः येऊन भिजवलेली डाळ आणि बाजरी घालतात.

ती खोली उबदार आहे. काम नसलं की मी तिथे स्टुलावर बसते. कोणी बोलत नाही. काही माद्या तीन वर्षांच्या वर आहेत, असं ललिताबाई सांगतात. पुस्तकात पांढऱ्या उंदराचं आयुष्य दोन वर्षांचं दिलं आहे. डॉक्टरांना विचारलं तर हसून म्हणाले, सूरजबाईंच्या डाळीने पुस्तकाला खोटं पाडलं.

२७ नोव्हेंबर

आज ललिताबाईंनी यांच्याबद्दल विचारलं. कपाळाला कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, मग साहेब कुठं असतात?

मला हे सांगायचा आता फार शीण होतो. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. गेल्या वर्षी ऑगस्टात पूर आलेल्या नाल्यात यांची जीप वाहून गेली. जीप सापडली. ड्रायव्हर सापडला. हे सापडले नाहीत. सासूबाई म्हणतात, देह मिळाला नाही म्हणजे माणूस गेला नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मगच दर्भाचा पुतळा करून जाळायचा. तोवर दिवस करायचे नाहीत, कुंकू पुसायचं नाही, घरात कोणी रडायचं नाही. हे गेले ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. घरात ते वाक्य उच्चारायची सोय नाही. मला दुसरं काही नको. यांचे दिवस होऊ द्यावेत आणि मला एकदा खाली बसून रडू द्यावं.

एवढं सगळं कोण सांगणार. मी इतकंच म्हटलं, "ते इथे नसतात. दिवस राहिलेत." दहाव्या-तेराव्याचे दिवस करायचे राहिलेत, असं मला म्हणायचं होतं. ललिताबाई हातातली बादली ठेवून थांबल्या. माझ्या पोटाकडे पाहून हसल्या. म्हणाल्या, "मंग एवढं कायले लपवता वो बाई? चांगली गोष्ट हाय."

त्यांनी काय ऐकलं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाईमाणूस दिवस राहिले म्हणते त्याचा एकच अर्थ होतो. मी तोंड उघडलं होतं. पण मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. उद्या सांगेन.

४ डिसेंबर

सांगितलं नाही.

ललिताबाई मला पाण्याची घागर उचलू देत नाहीत. ईथरची बाटली उघडली की मला बाहेर घालवतात, "तुमाले त्या वासाचं काम नाही" म्हणतात. त्यांनी सूरजबाईंनाही सांगितलं. आज सूरजबाई खारकेचे लाडू घेऊन आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना मूल झालं नाही, हे मला ललिताबाईंनी आधीच सांगितलं होतं. म्हणाल्या, "पोरी, जीव येऊन राह्यला तं त्याले ये म्हण. मनातल्या मनात म्हण, पण म्हण. भेव नको."

पंधरा महिन्यांत माझ्या डोक्यावर कोणी हात ठेवला नव्हता. मी मान हलवली. खोटं कशाला लिहू, मनात ये म्हटलंही.

दुपारी डॉक्टर त्यांच्या आधीच्या कामाबद्दल सांगत होते. मादी पिल्लांना पाजत असताना तिला पुन्हा जोड लागला तर नवे गर्भ लगेच रुजत नाहीत. ते थांबतात. मरत नाहीत, वाढतही नाहीत. आईच्या अंगात एका रसाचा थेंब सुटेपर्यंत नुसते वाट पाहतात. डॉक्टरांनी काही माद्यांत औषध टोचून हे थांबणं बरंच लांबवलं होतं. पुढे सरकारने त्या कामाचे पैसे बंद केले. त्या माद्या पांजरपोळात गेल्या. मी विचारलं, त्यांच्या पोटातल्या गर्भांचं काय झालं? डॉक्टर म्हणाले, विरून गेले असतील. पाहिलं का, असं मी विचारलं. म्हणाले, काम संपल्यावर उगाच पोट कशाला फाडायचं.

११ डिसेंबर

डाव्या कानाला दोन खाचा असलेली मादी पांजरपोळातल्या सर्वांत जुन्या माद्यांपैकी आहे. ती फुगल्यासारखी दिसत होती, म्हणून डॉक्टरांना दाखवली. त्यांनी पोट दोन बोटांत धरून चाचपलं आणि म्हणाले, म्हातारपणाच्या गाठी. पण बोटं काढली नाहीत. हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवत राहिले. मग मला म्हणाले, तुम्ही पाहा.

मणी होते. सारख्या अंतरावर, एका ओळीत.

ललिताबाई म्हणाल्या, "बाहेरचा उंदीर शिरला असन. त्याले काय, भिंतीतून येते तो." डॉक्टरांना ते पटलं, किंवा पटवून घ्यावंसं वाटलं. त्यांनी सगळ्या पिंजऱ्यांच्या जाळ्या तपासायला सांगितल्या. मी संध्याकाळपर्यंत तेच करत होते. कुठेही भोक नाही. ही मादी डॉक्टरांच्या त्या जुन्या कामातली आहे.

एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही, त्यांनीही मला सांगितली नाही, पण वजन करताना दोघांनीही पाहिली. पोट एवढं वाढलं आहे, पण मादीचं वजन कमी झालं आहे.

पाय फार दुखतात. आज लवकर पडणार आहे.

१६ डिसेंबर

कालपासून लिहायचं टाळत होते.

खाचांची मादी काल दुपारी व्याली. उंदराची पिल्लं गुलाबी, उघडी आणि डोळे मिटलेली असतात. ही चार होती. अंगावर विरळ, पिवळट पडलेले केस होते. डोळे उघडे होते. डॉक्टरांनी चिमट्याने एकाचा ओठ वर केला. दात लांब वाढलेले आणि पिवळे. ते खाली बसले आणि म्हणाले, हे दात पिल्लाचे नाहीत, तीन वर्षांच्या जनावराचे आहेत. वाट पाहण्यात यांचं वय निघून गेलं.

पिल्लांनी आवाज केला नाही. दूधही शोधलं नाही. आई एका अंगावर पडली होती, कातडं आणि हाडं, पण श्वास चालू होता. चौघं एका ओळीत तिच्याकडे तोंड करून बसली आणि पाहत राहिली.

डॉक्टर उठले आणि ईथरची मोठी बाटली आणि झाकणाची बरणी घेऊन आले. कशासाठी ते मला कळलं. सूरजबाईंनाही कळलं, त्या डाळीचं पातेलं घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि डॉक्टरांच्या हातातून बाटली घेतली. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "डाक्टरसाब, या छपराखाली नाही. आमी शब्द घेतला व्हता."

डॉक्टरांनी बरणी जागेवर नेऊन ठेवली.

१९ डिसेंबर

आणखी पाच माद्या फुगल्या आहेत. सगळ्या त्याच जुन्या कामातल्या. डॉक्टरांनी हात लावायचं सोडलं आहे, दारातून मोजून परत जातात.

मला सकाळी उलटी झाली. लाडू बाधले असतील. ललिताबाईंनी पाठ चोळली आणि म्हणाल्या, "होते असं. तिसरा सरला का थांबते."

इथे लिहायला हरकत नाही. हे गेल्यापासून मी बाजूला बसलेले नाही. तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, धक्क्याने होतं, येईल आपोआप. मग मी ते विसरून गेले. हे शेवटचे निघाले त्याच्या आदल्या रात्री घरी होते.

नको. थकव्याने माणूस काहीही जुळवतं.

२३ डिसेंबर

पोट दिसायला लागलं आहे. चार दिवसांत. नऊवारीत झाकलं असतं, पाचवारीत झाकत नाही.

आज ललिताबाईंना खरं सांगितलं. मला काय म्हणायचं होतं, त्या काय समजल्या, हे कधी गेले, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. मग विचारलं, "मंग हे कोनाचं हाय?" मी म्हटलं, कोणाचं नाही, कोणी आलं नाही. त्यांनी माझा हात धरला. "कोनी जबरदस्ती केली काय, बाई? मले सांगा. मी कोनाच्या बापाले भेत नाही." मी नाही म्हटलं. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मग त्यांची नजर पांजरपोळाच्या दाराकडे गेली आणि हात सुटला.

त्यानंतर त्या त्या खोलीत गेल्या नाहीत. आतलं झाडायचं काम मीच केलं.

२६ डिसेंबर

डॉक्टरांशी बोलले. ते मेजावरच्या काचपट्ट्या पुसत होते, पुसतच राहिले. मग परवानगी मागून त्यांनी दोन बोटं पोटावर ठेवली, मादीला लावतात तशी. लगेच काढून घेतली आणि हात धुतला.

म्हणाले, गर्भ काढून घ्यायची आता कायद्याने सोय झाली आहे, लपायचं कारण नाही. अमरावतीच्या इस्पितळातल्या बाईंना ते चिठ्ठी देतील. सोमवारच्या गाडीने जा, उशीर करू नका. मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, पांजरपोळात बसत होता तेव्हा तुम्ही काही केलं होतं का? मी म्हटलं, बसले होते फक्त. ललिताबाई बाहेरून म्हणाल्या, "सूरजबाईनं यायले ये म्हनाले सांगतलं, यायनं मान हालवली. मीच ऐकलं सूरजबाईचं बोलनं."

माद्यांना कोणी ये म्हटलं ते मात्र कोणाला ठाऊक नाही. आधी त्या की आधी मी, तेही मला ठरवता येत नाही.

३० डिसेंबर

सोमवार. गेले नाही.

ट्रंक भरली होती. ललिताबाई स्टेशनपर्यंत यायला तयार होत्या. मी पलंगावर बसले आणि उठले नाही. माझ्याकडे यांचं काहीही नाही. रक्षासुद्धा नाही. एक छत्री आहे, तीही सासूबाईंनी कुलपात ठेवली आहे, आल्यावर लागेल म्हणून. आणि हे जर यांचं असेल तर मी स्वतःच्या पायांनी जाऊन काढून टाकायचं?

ललिताबाई रागावल्या. "त्या पिल्लाइचे दात पायले ना तुमी? पायले ना? मंग?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाईन.

बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात आणि हात खाली केला की गळून पडतात. ललिताबाईंनी मला कापसाच्या काट्यावर उभं केलं. आकडा पाहून त्यांनी मला हाताला धरून लगेच खाली उतरवलं.

२ जानेवारी १९७५

ललिताबाईंनी कोणाकडून तरी सासूबाईंना निरोप पाठवला. चांगल्या मनाने पाठवला, घरचं माणूस हवं म्हणून. आज तिकडून उलट निरोप आला. सासूबाई उद्या येत आहेत. त्यांनी आळीत पेढे वाटले. त्यांचं म्हणणं असं, की हे जिवंत आहेत, काही कारणाने लपून आहेत, आणि मला गुपचूप भेटून गेले. मी कारंज्याची नोकरी त्याचसाठी धरली.

आता हे गेले असं मी म्हटलं तर मी काय ठरते, ते मला कळतं.

म्हणजे आता यांना कधीच मरता येणार नाही. माझ्या पोटातलं हेच त्याचा पुरावा. बारा वर्षांनीही नाही.

४ जानेवारी

सासूबाई काल आल्या. डोळ्यांना दिसत नाही इतक्या आनंदात. माझे हात पाहिले नाहीत, तोंड पाहिलं नाही. पोट पाहिलं. माझ्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं.

भरल्या महिन्यांचं दिसतं. दिवस धरले तर उंदराइतकेच, तीनेक आठवडे —

पांजरपोळातल्या पाचही माद्या व्याल्या. पिल्लं मेली नाहीत. खात नाहीत, मरत नाहीत. सूरजबाई डाळ घालतात आणि पातेलं भरलेलं परत नेतात.

उठवत नाही. सोमवारी जायचं. सासूबाई जाऊ देणार नाहीत. तरी जायचं.

५ जानेवारी

दुपारी सासूबाईंनी पोटाला कान लावला. एकदम हसल्या. म्हणाल्या, "अगं, खोकतोय."

यांना सकाळी खोकला यायचा. तीनदा, मग थांबून एकदा. सासूबाईंनी बोटांनी माझ्या हातावर ताल धरून दाखवला. तीनदा. थांबून एकदा.

मला ऐकू येत नाही. मला फक्त कळतं. आत धक्का बसतो.

६ जानेवारी

सोमवार. पायांत उभं राहण्याचं बळ नाही. ललिताबाईंनी बैलगाडी आणली होती, सासूबाईंनी परत पाठवली. दोघी दारात भांडल्या. ललिताबाई म्हणाल्या, "म्हातारे, पोरगी मरून राह्यली, अन् तुले नातू सुचते." सासूबाई म्हणाल्या, नातू कोण म्हणालं?

मग आत येऊन बसल्या. दुपारभर त्याच्याशी बोलत होत्या. मला एकच बाजू ऐकू येते.

वासू, अरे किती उशीर. हो. हो. इथेच आहे. नाही, रडली नाही, मी रडूच दिलं नाही. तुझी छत्री आहे. अंधार असेल, हो. थोडं थांब. इतका थांबलास ना —

मी भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्याच पोटाशी बोलतात आणि मला कोणी काही विचारत नाही.

८ जानेवारी

झालं ते लिहिते.

सासूबाईंनी आज त्याला विचारलं, इतके दिवस कुठे होतास. आणि कान लावला. बराच वेळ ऐकत होत्या. हसू होतं ते हळूहळू गेलं. मग त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं ऐकलं. डोकं उचललं तेव्हा कान ओला होता. माझ्या पातळाला ओल नव्हती.

माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा. पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि माझं कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढलं. बाहेर जाऊन विहिरीवर अंगावरच्या लुगड्यासकट अंघोळ केली, सुतकाची करतात तशी. परत आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर ओल्यानेच बसल्या आहेत. ललिताबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "गेला गं तो. केव्हाचाच गेला."

आत काय आहे, असं ललिताबाईंनी विचारलं. त्या पदराने कान पुसत राहिल्या.

मला रडायला मोकळीक झाली. बसले. पाणी येत नाही. अंगात उरलंच नाही —

९ जानेवारी

सकाळपासून कळा. थांबून थांबून.

ललिताबाई उशाशी. दारात डॉक्टर, हातात बाटली. पलीकडे सूरजबाई. त्या आज त्यांना अडवत नाहीत. भिंतीला टेकून उभ्या, डोळे मिटलेले. मी ललिताबाईंना म्हटलं, आधी मला लिहू द्या. वही धरून ठेवा.

बायकोने नाव घेऊ नये म्हणतात. आज घेते. मीच लिहायला हवं, दुसरं कोणी लिहिलं नाही.

वासुदेव त्र्यंबक उमाळकर, ओव्हरसियर, ऑगस्ट १९७३ मध्ये पुरात वारले. त्यांची पत्नी प्रमिला हिला हे माहीत होतं.

लिहिलं. कळा थांबल्या. आत सगळं थांबलं. नाव ऐकून थांबावं तसं —

डॉक्टर पुढे येतात. ललिताबाईंनी डोळे झाकले, वही सोडली, मीच धरते —

नाही म्हणतोय. आतून. मलाच सांगतोय, आता मलाही ऐकू — वारलो नाही, खोड ते, खोड, म्हणतो, आणि माझा हात, पेन धरलेला, आतून ओढ —